कागदाचा कस आणि जकातीचा दर

परदेशातून आलेला कागद ‘वृत्तपत्राचा कागद’ म्हणून सवलतीच्या दराने सुटावा की सामान्य छपाईचा म्हणून अडावा, हा प्रश्न व्यापाऱ्याने बिजकावर घातलेल्या नावावरून नव्हे, तर जकात-कोष्टकाच्या ४८व्या प्रकरणातील टिपेवरून सुटतो. त्या टिपेप्रमाणे एकूण तंतूंपैकी वजनाने निदान ५० टक्के तंतू यांत्रिक वा रासायनिक-यांत्रिक रीतीने काढलेल्या लाकडाचे असावे लागतात, दोन्ही अंगांचा खडबडीतपणा २.५ मायक्रॉनहून अधिक लागतो आणि वजन दर चौरस मीटरला ४० ते ६५ ग्रॅम.

खरी मेख तंतूंच्या मोजणीत आहे. हर्झबर्गच्या रंजकाने यांत्रिक लगद्याचे तंतू पिवळे व रासायनिक लगद्याचे निळे दिसतात खरे, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली मोजली जाते ती संख्या, आणि कायदा मागतो वजन. हे रूपांतर ज्या भारांकांनी करावयाचे, त्यांच्या निवडीवर ४९ आणि ५१ यांमधील लाखमोलाचे अंतर अवलंबून राहते.

वजनाचेही तसेच. कागद दमट हवा पितो. म्हणून नमुना २३ अंश तापमान व ५० टक्के आर्द्रतेत, किंवा उष्ण देशांसाठी मान्य अशा २७ अंश व ६५ टक्क्यांत, मुरवूनच तोलावयाचा असतो.

नमुना घेण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिनियम, १९६२च्या कलम १४४ने दिला आहे. अहवाल येईतो कलम १८खाली तात्पुरती आकारणी करून माल सोडवता येतो.