न्यास आणि न्यासपत्र : विहाराच्या जागेचा प्रश्न

परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव हे लहानसे स्थानक लागते. पेडगाव काय किंवा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव काय, विहाराची चौकशी केली की ‘जागा अमक्याने दिली’ हे उत्तर बहुधा मिळते. कशी दिली, असे पुढे विचारले तर त्रिशरण-पंचशील झाले, पाच माणसे बसली होती आणि दात्याने शब्द दिला, असे सांगण्यात येते. दात्याच्या श्रद्धेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. त्याच्या पश्चात सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल समजा, पेडगावातील एका उपासकाने आपल्या शेतातील दोन गुंठे विहारासाठी तोंडी दिले. लोकवर्गणीतून विहार उभा राहिला. काही वर्षांनी उपासक वारला, फेरफार होऊन मुलांची नावे लागली, वाटणीत तो तुकडा धाकट्याच्या हिश्शाला आला आणि त्याने जमीन विकावयास काढली. गावकरी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढे करतात. परंतु तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीचे बक्षीस नोंदणीकृत लेखानेच होते. त्यावर दात्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. मंदिरांच्या बाबतीत दीर्घकालीन सार्वजनिक वापरावरून समर्पण सिद्ध होऊ शकते, असे न्यायालयांनी मानले आहे, हे खरे. पण ते सिद्ध करावे लागते, आणि तोवर त्या दिवशी बसलेल्या पाचांपैकी किती जण हयात असतील?

यावर उपाय न्यासाचा. न्यास म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ ने न्यासाची व्याख्या मालमत्तेच्या मालकीला जोडलेले दायित्व अशी केली आहे. मालकावर विश्वास ठेवला जातो, तो त्या विश्वासाचा स्वीकार करतो आणि त्यातून दुसऱ्याच्या हितासाठी हे दायित्व निर्माण होते. मालमत्ता देणारा तो न्यासकर्ता, स्वीकारणारा तो विश्वस्त आणि ज्याच्यासाठी ती दिली तो हिताधिकारी. कागदावर नाव विश्वस्ताचे असते, लाभ मात्र हिताधिकाऱ्याचा. ‘जमीन माझ्या नावावर आहे’ असे विश्वस्त म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. केवळ अर्धे बोलतो. १८८२ चा हा कायदा खाजगी न्यासांपुरता आहे. विहारासारख्या सार्वजनिक न्यासास १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू होतो. त्याच्या नावात आता ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले आहे.

ही कल्पना इंग्रजांनी आणली, असे समजण्याचे कारण नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, करून दिली. पैकी २,००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण, असा हिशेब लेखात आहे व तो तंतोतंत जुळतो. हे सारे निगमसभेत ऐकविले गेले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदले गेले, असेही तेथे म्हटले आहे. उद्देश, रक्कम, लाभधारक, जाहीर वाचन आणि नोंदणी यांपैकी काहीच राहिलेले नाही. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीच्या या लेखात जी दक्षता आहे ती आजच्या पुष्कळ विहारांच्या दप्तरात सापडत नाही, हे कबूल केले पाहिजे.

दान कोणाला, हा प्रश्नही परंपरेने सोडविलेला आहे. अनाथपिंडिकाचे जेतवन कोणा एका स्थविरास दिलेले नव्हते. ते आलेल्या व पुढे येणाऱ्या चारी दिशांच्या संघाला दिलेले होते. विनयातील चुल्लवग्गाप्रमाणे आराम, विहार व त्यांची जमीन ‘अविस्सज्जिय’ म्हणजे देऊन टाकता न येणाऱ्या वस्तूंत मोडतात. संघाने, गणाने वा एखाद्या भिक्षूने ती दिली, तरी ते देणे ठरत नाही. आजच्या अधिनियमाचे कलम ३६ त्याच दिशेचे आहे. न्यासाची स्थावर मिळकत विकणे, अदलाबदल करणे वा बक्षीस देणे यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून आणि इतर जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यासही ती लागते.

आणखी एक तरतूद आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असावयास हवी. सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत मंदिर, मठ, चर्च यांची नावे आहेत. विहार मात्र ‘सार्वजनिक उपासनेचे अन्य स्थान’ या शब्दांत सामावतो. मुदत अधिनियम, १९६३ च्या दहाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात बौद्ध धार्मिक दानाचा नावाने उल्लेख आहे. अशी मिळकत विशिष्ट उद्देशासाठी न्यासात असल्याचे आणि तिचा व्यवस्थापक विश्वस्त असल्याचे मानावे, असे तेथे म्हटले आहे. त्यामुळे विश्वस्ताकडून किंवा त्याच्या वारसाकडून ती परत मिळविण्याच्या दाव्यास मुदतीची आडकाठी येत नाही. मोबदला देऊन विकत घेणाऱ्यास मात्र हे कलम लागू होत नाही. म्हणून विक्री होण्यापूर्वीच जागे व्हावे लागते.

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. १९५० साली औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) सुरू झालेले तिचे महाविद्यालय, आजचे मिलिंद महाविद्यालय, त्या सोसायटीचे आहे, कोणा व्यक्तीचे नाही. तथापि नोंदणी झाली की सर्व झाले, असेही नव्हे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडण्यात आले, तेव्हा ती जागा न्यासाचीच होती. विश्वस्तांचा अधिकार कोठे संपतो आणि ज्यांच्यासाठी न्यास आहे त्या समाजाचा कोठे सुरू होतो, हा वाद त्या वेळी रस्त्यावर आला.

म्हणून न्यासपत्र लिहिताना गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा यांच्याइतकेच लक्ष विश्वस्तांच्या कलमाकडे द्यावे. ‘तहहयात विश्वस्त’ हे शब्द आम्हांस धोक्याचे वाटतात. विश्वस्त किती, किती वर्षांसाठी, नवा कोण निवडणार, सभेस किती जण लागणार, हे नि:संदिग्ध लिहावे. उद्देशही ‘समाजकार्य’ असा मोघम नसावा. जमीन भोगवटादार वर्ग दोनची वा गायरानाची तर नाही ना, तुकडेबंदीची अडचण येते काय, हे आधी तलाठ्याकडे पाहून घ्यावे. गायरान सरकारचे असते. ते दान करण्याचा अधिकार गावात कोणासही नाही.

न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात अर्ज करावयाचा असतो. नोंदणी नसलेल्या न्यासाच्या वतीने हक्काचा दावा न्यायालय ऐकत नाही, ही कलम ३१ ची अट कठोर आहे. पुढे विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. तो न दिल्याने मृतांची नावे वर्षानुवर्षे नोंदवहीत राहतात आणि वाद उद्भवला की सही कोणाची चालते, हेच ठरत नाही.

पेडगावच्या आमच्या कल्पित उपासकाची मुले आजही एकत्र येऊन नोंदणीकृत बक्षीसपत्र करून देऊ शकतात. दाता हयात असता तर एक सही आणि दोन साक्षीदार पुरले असते. आता सर्व वारसांच्या सह्या लागतील, धाकट्याचीही.