नाव तेच, माणसे वेगळी : ‘किंग क्रिम्सन’च्या गीतसूचीचा एक अभ्यास

1989 साली मुंबईत फाउंटनजवळच्या फुटपाथवर मी एक कॅसेट विकत घेतली. तिच्यावर लेबल नव्हते. विकणाऱ्याने एवढेच सांगितले, ‘‘इंग्लिश आहे, चांगली आहे.’’ एका बाजूला जड, काळोखी, गुरगुरणारे संगीत होते. व्हायोलिन आणि सॅक्सोफोन मध्येच कण्हल्यासारखे ऐकू येत. दुसऱ्या बाजूला मात्र दोन गिटार घड्याळाच्या दातेरी चक्रांसारख्या एकमेकींत अडकून फिरत होत्या. गाणाऱ्याचा आवाज वेगळा, उच्चारही अमेरिकी. कोणीतरी दोन बँड एका कॅसेटवर भरले असणार, अशी माझी पक्की समजूत झाली आणि ती तीन वर्षे टिकली. पुढे एका मित्राकडे दोन्ही रेकॉर्डी पाहिल्या. पहिली होती 1974 ची ‘रेड’ आणि दुसरी 1981 ची ‘डिसिप्लिन’. दोन्हींवर बँडचे नाव एकच होते : किंग क्रिम्सन.

सात वर्षांत इतका बदल झालेल्या गोष्टीला त्याच नावाने का हाक मारायची? या प्रश्नापायी मी वह्या घातल्या. संगीताचे शिक्षण नाही, नोटेशन वाचता येत नाही. होती ती फक्त ऐकण्याची चिकाटी. या बँडच्या गाण्यांची सूची करता करता जे हाती लागले, ते इथे मांडतो.

तळघर ते हाइड पार्क

साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचे प्रेमगीत अपुरे वाटू लागले. पाश्चात्त्य अभिजात संगीताची लांबी, जॅझमधली उत्स्फूर्तता आणि रॉकचा जोर एकत्र आणण्याच्या या खटपटीला पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ असे नाव पडले. किंग क्रिम्सन हा त्या प्रवाहाच्या उगमाजवळचा बँड. जानेवारी 1969 मध्ये लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवरील एका कॅफेच्या तळघरात त्यांच्या तालमी सुरू झाल्या. रॉबर्ट फ्रिप गिटारवर, ग्रेग लेक गायनाला आणि बासला, इयन मॅकडोनाल्ड सॅक्सोफोन-बासरी-कीबोर्डवर, मायकेल जाइल्स ड्रम्सवर. पाचवा सभासद पीटर सिनफील्ड. तो गाणी लिहायचा आणि मंचावरचा प्रकाश सांभाळायचा. वाद्य वाजवत नसे. तरीही तो पूर्ण सभासद होता. ही बाब लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

5 जुलै 1969 रोजी रोलिंग स्टोन्सने हाइड पार्कमध्ये मोफत कार्यक्रम केला. लाखोंच्या त्या समुदायासमोर, मुख्य कार्यक्रमाआधी, हा तालमींतून बाहेर पडून जेमतेम काही महिने झालेला बँड उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ हा पहिला अल्बम आला आणि ब्रिटिश यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. गाणी फक्त पाच. मुखपृष्ठावर किंकाळी फोडणारा लालबुंद चेहरा. तो रंगवणारा बॅरी गॉडबर हा संगणकाची प्रोग्रॅमिंग करणारा तरुण. काही महिन्यांतच, फेब्रुवारी 1970 मध्ये, तो हृदयविकाराने गेला.

या अल्बमच्या ध्वनीचे रहस्य मेलोट्रॉन या वाद्यात आहे. दिसायला ते आपल्या पायपेटीच्या चुलतभावासारखे, पण आत पट्ट्या नसतात. प्रत्येक कळीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो. त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा एक स्वर ध्वनिमुद्रित केलेला. कळ दाबली की फीत फिरते आणि साधारण आठ सेकंदांनी संपते. कळ सोडली की स्प्रिंग फितीला मागे ओढते. म्हणजे स्वर हवा तितका लांबवता येत नाही. वादकाने श्वास संपायच्या आत दुसऱ्या कळीवर जायचे. शिवाय दमट हवा किंवा विजेचा कमी-जास्त दाब यांनी ते लगेच बेसूर होई. त्या संगीतात जो थरथरता, किंचित आजारी भव्यपणा आहे, त्यात या यंत्राच्या दुबळेपणाचा मोठा वाटा आहे.

फूट, आणि पुन्हा फूट

यश आले त्याच वर्षी बँड फुटला. डिसेंबर 1969 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात मॅकडोनाल्ड आणि जाइल्स यांनी सोडून जायचे ठरवले. तुम्ही राहा, मीच जातो, असे फ्रिपने त्यांना सुचवले. त्यांनी ते मानले नाही. पाठोपाठ लेकही गेला. पुढच्या दोन वर्षांत ‘इन द वेक ऑफ पोसायडन’, ‘लिझर्ड’ आणि ‘आयलंड्स’ हे तीन अल्बम निघाले. प्रत्येकात माणसे वेगळी. बास वाजवणारा मिळेना, तेव्हा गायक बॉझ बरेल यालाच फ्रिपने बास शिकवला. शेवटी सिनफील्डही बाहेर पडला.

1972 मध्ये नव्याने उभी राहिलेली फळी मात्र वेगळ्याच जातीची होती. ‘येस’ हा तेजीत असलेला बँड सोडून ड्रमर बिल ब्रुफर्ड आला. जॉन वेटन बास आणि गायनाला, डेव्हिड क्रॉस व्हायोलिनला, आणि जेमी म्यूर हा अफलातून तालवादक. ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ हा अल्बम मार्च 1973 मध्ये बाजारात आला, तोपर्यंत म्यूर बँड सोडून गेलाही होता. स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात राहायला.

या काळात बँड दर कार्यक्रमात बराच वेळ काहीही न ठरवता वाजवी. आपल्याकडे उपज अंगाने गाणाऱ्यालाही रागाचा आणि तालाचा आधार असतो. इथे तोही नसे. 1974 चा ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ हा अल्बम स्टुडिओतला म्हणून विकला गेला, पण त्यातला बहुतांश भाग प्रत्यक्ष कार्यक्रमांतला आहे. टाळ्या तेवढ्या कापून टाकल्या आहेत.

त्यातली ‘ट्रिओ’ ही रचना माझ्या सूचीला अडचणीत टाकणारी पहिली रचना. 23 नोव्हेंबर 1973 रोजी ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ सभागृहात ती मंचावरच जन्मली. व्हायोलिन, बास आणि मेलोट्रॉन हलक्या पावलांनी चालत राहतात. ब्रुफर्डने ड्रमच्या काड्या छातीवर आडव्या धरल्या आणि तो थांबला. शेवटपर्यंत त्याने एकही ठोका दिला नाही. पण अल्बमवर रचनाकार म्हणून चौघांचीही नावे आहेत. न वाजवणे हा त्याचा निर्णय होता, आणि त्या निर्णयामुळेच ही रचना अशी झाली, असे बाकीच्यांनी मानले. मौनाचे मानधन मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. तबलजीने ठेका धरला नाही म्हणून मैफल रंगली, असे आपण म्हणतो का? म्हणत असलो, तरी हिशेबाच्या वहीत लिहीत नाही.

त्यापुढचा ‘रेड’. शेवटचे गाणे ‘स्टारलेस’, बारा मिनिटांहून थोडे मोठे. वेटनने त्याचा मुखडा आधीच आणला होता, पण तेव्हा इतरांना तो रुचला नाही आणि बाजूला पडला. मधल्या भागात बास तेरा मात्रांचे आवर्तन धरतो आणि गिटार एकच स्वर पुन्हा पुन्हा छेडत राहते. मग तो स्वर अगदी थोडा चढतो. मग आणखी थोडा. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो आणि अखेर सगळी वाद्ये एकदम तुटून पडतात, आरंभीचा करुण मुखडा परत येतो. रेकॉर्ड दुकानात येण्याच्या सुमारास, सप्टेंबर 1974 च्या अखेरीस, फ्रिपने बँड संपल्याचे जाहीर केले होते.

चौदा आणि तेरा

त्यानंतर फ्रिप शेरबोर्न येथे, गुर्जिएफच्या परंपरेतल्या जे. जी. बेनेट यांच्या संस्थेत, दहा महिने निवासी विद्यार्थी म्हणून राहिला. 1981 मध्ये त्याने ब्रुफर्डसह दोन अमेरिकी वादक घेतले : गायक-गिटारवादक एड्रियन बेल्यू आणि बासवादक टोनी लेविन. या बँडचे नाव आधी ‘डिसिप्लिन’ असे होते. त्याच नावाने त्यांचे पहिले कार्यक्रम झाले. मग हे संगीत किंग क्रिम्सनचेच आहे, अशी जाणीव झाली आणि जुने नाव परत आले. माणसे आधी जमली, नाव नंतर येऊन त्यांच्यावर बसले! माझ्या कॅसेटच्या कोड्याचे उत्तर पहिल्यांदा इथे दिसू लागले.

या संगीतावर बाली-जावाच्या गामेलानचा प्रभाव आहे. त्यात एक वादक संपूर्ण चाल वाजवत नाही. दोघांच्या तुकड्यांतून चाल घडते. ‘फ्रेम बाय फ्रेम’ हे गाणे घ्या. दोन्ही गिटार सात मात्रांच्या हिशेबात एकच नमुना वाजवू लागतात. सातची दोन आवर्तने म्हणजे चौदा. मग एक गिटार त्यातली एक मात्रा गाळते. आता एकीचा फेरा चौदाचा, दुसरीचा तेराचा. पहिल्या फेऱ्यानंतर दुसरी गिटार एका मात्रेने पुढे जाते, दुसऱ्या फेऱ्यानंतर दोन मात्रांनी. कागदावर मांडले तर चौदाचे तेरा फेरे आणि तेराचे चौदा फेरे 182 व्या मात्रेला एकत्र पुरे होतात आणि पुढच्या मात्रेवर दोघींची सम जुळते. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला सात मात्रांचे अप्रूप वाटणार नाही. पण आपल्याकडे ताल एक असतो आणि कलाकार त्याच्याशी खेळतो. इथे दोन वादक दोन वेगळे फेरे धरतात आणि दोघांपैकी कोणीही ढळून चालत नाही. एकाने दुसऱ्याचे ऐकून स्वतःला सावरले, तर सगळा डोलारा कोसळतो. ‘डिसिप्लिन’ म्हणजे शिस्त हे नाव उगाच नाही.

सूचीचा पेच

1984 नंतर पुन्हा खंड पडला. 1994 मध्ये सहा जणांचा बँड उभा राहिला : दोन गिटार, दोन बास, दोन ड्रमर. 2003 च्या ‘द पॉवर टू बिलीव्ह’पर्यंत स्टुडिओ अल्बम झाले तेरा. 2014 पासूनच्या शेवटच्या पर्वात तीन ड्रमर मंचाच्या पुढच्या रांगेत बसत आणि बाकीचे मागे. 1970-72 मधला सॅक्सोफोनवादक मेल कॉलिन्स चार दशकांनी परतला होता. नवा स्टुडिओ अल्बम त्यांनी केलाच नाही. 1969 ची गाणीही ते नवी असल्यासारखी वाजवत. 8 डिसेंबर 2021 रोजी टोकियोत शेवटचा कार्यक्रम झाला.

मग गाणी किती? ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’चे पहिले दोन भाग 1973 चे, तिसरा 1984 चा, चौथा 2000 चा. चार भागांमध्ये मिळून तीन वेगवेगळ्या फळ्या वाजवतात. ही रचना एक की चार? माझ्या वहीत आधी चार नोंदी होत्या. आता मी त्या एका कंसात बांधल्या आहेत.

मालकीचा प्रश्न आणखी अवघड. 1974 च्या ‘इमॅन्युएल’ या फ्रेंच चित्रपटात बँडचे संगीत परवानगीविना वापरले गेले. फ्रिपने दावा लावला आणि भरपाई मिळवली. जुन्या व्यवस्थापन कंपनीशी हक्कांवरून त्याचे भांडण वर्षानुवर्षे चालले. 1992 मध्ये त्याने डेव्हिड सिंगलटन यांच्यासह ‘डीजीएम’ ही संस्था काढली. ध्वनिमुद्रणाचा हक्क कलाकाराकडेच राहावा, हे तिचे तत्त्व. 2019 पर्यंत ही गाणी बहुतेक ऑनलाइन मंचांवर नव्हती. कान्ये वेस्टने ‘पॉवर’ या 2010 च्या गाण्यात ‘ट्वेंटिफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’चा तुकडा वापरला. त्याचे ऑनलाइन ऐकण्यावरचे मानधन कोणत्या दराने द्यायचे, यावरून 2022 मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा गेला आणि 2024 मध्ये तडजोडीने मिटला. ज्या बँडने न वाजवलेल्या ठोक्यांचेही श्रेय दिले, त्याने वाजवलेल्या स्वरांसाठी कोर्टात जावे, यात मला विसंगती दिसत नाही. श्रेय मोजणे ही त्यांच्या लेखी संगीताचीच बाब होती.

याची किंमतही होती. 2022 मध्ये आलेल्या टोबी एमीज यांच्या माहितीपटात जुने-नवे वादक बोलतात, तेव्हा या नावाखाली वाजवणे किती त्रासाचे होते ते लपत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहिलेला फ्रिप एकटाच. नाव सर्वांचे आणि शब्द अखेरचा एकाचा, हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे. त्याच चित्रपटात कर्करोगाने ग्रासलेला बिल रिफ्लिन दौऱ्यावर वाजवताना दिसतो. मार्च 2020 मध्ये तो गेला. लेक, वेटन, मॅकडोनाल्ड, सिनफील्ड, म्यूर हेही आता नाहीत.

माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. मंडळाचे बुवा वारले, तेव्हा उरलेल्यांनी ठरवले की, बुवा नाहीत तर मंडळ नाही. वही बासनात गेली, पखवाज आमच्या माळ्यावर. मला त्या वेळी तो निर्णय निष्ठेचा वाटला होता. आता तसे वाटत नाही. आपण घराणे म्हणतो तेव्हा माणसे धरत नाही, रीत धरतो. रीत चालवायला नवी माणसे लागतात, आणि ती जुन्यांसारखी वाजवणार नाहीत हे पत्करावे लागते. किंग क्रिम्सन हे माझ्या लेखी घराणेच. त्याची रीत एवढीच, की काल जमलेले आज तसेच वाजवायचे नाही.

गेल्या वर्षी माळ्यावरून पखवाज खाली काढला. शाई उडाली होती, वादी कुजली होती. दुरुस्त करून शेजारच्या एका मुलाला दिला. तो त्यावर काय वाजवतो, ते वडिलांना आवडले असते का, सांगता येत नाही. वाजतो आहे, एवढे खरे.