मना इचारला कवा?

लग्नघरी जावयाने बसावे कोठे, हा मोठा बिकट प्रश्न आहे. मांडवात बसला तर कामकऱ्यांना अडचण, आणि घरात बसला तर बायकांना अडचण! म्हणून माझ्या सासुरवाडीला, म्हणजे भिवंडी तालुक्यातील दिघाशीला गेलो की मी ओटीवरचा एक कोपरा धरून बसतो. तेथे चहाही आपोआप येतो आणि गावची खबरही आपोआप येते. गेल्या वैशाखात माझ्या मेहुण्याच्या मुलीची हळद होती. त्या दिवशी या कोपऱ्यात बसून मी जे ऐकले, ते अजून माझ्या कानातून गेलेले नाही.

भिवंडी म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे यंत्रमाग उभे राहतात, आणि अलीकडे महामार्गालगतची ती अफाट गोदामे. ते चित्र खोटे नाही. परंतु वाड्याच्या रस्त्याने अंबाडीच्या बाजूला निघाले की मागांचा खडखडाट हळूहळू मागे पडतो, भाताची खाचरे लागतात, आणि माणसांची बोलीही बदलते. माझी सासुरवाडी आगरी. आमच्या सौभाग्यवतींची एक मावशी गावातली धवलारीण आहे. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. ठाणे-रायगडकडच्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते आणि त्या गाण्याच्या आधाराने विधी पुढे सरकतात. देवांना आवतण, पितरांना आवतण, हळदीला आवतण, सारे गाऊन. पोथी नाही, वही नाही, सारे मुखोद्गत. वारल्यांच्या लग्नातही अशीच धवलेरी असते.

तर संध्याकाळी ध्वनिक्षेपकावर हळदीचे गाणे लागले. ठेका नेहमीचा, पाय आपोआप हलावेत असा. पण कान देऊन ऐकतो तो काय, गाण्यात नवरीचे नाव, तिच्या बापाचे नाव, आणि दिघाशीचेही नाव! मेहुण्याची छाती तर वीतभर फुगली. मी विचारले, "कोणाकडून बसवून घेतलेत?" तेव्हा कळले की नवरीच्या धाकट्या भावाने ते मोबाईलवर तयार केले होते. गायक नाही, वादक नाही. हवे ते दोन ओळींत लिहून द्यावयाचे, की मिनिटभरात शब्द, चाल, वाद्ये आणि गळा यांसह गाणे हजर. हा मुलगा दिवसा एका गोदामाच्या कचेरीत मालाची नोंद ठेवतो आणि रात्री पंचक्रोशीतील हळदींना अशी गाणी पाचशे रुपयांना एक या दराने पुरवतो. बेंजो पार्टीत ढोलकी वाजवणारा शेजारचा मुलगा त्या दिवशी पाहुणा म्हणून जेवायला आला होता. एरवी तो आमच्या मांडवात वाजवायला असतो. त्याने गाण्याचे कौतुक केले आणि मान खाली घालून जेवला.

थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून धवले सुरू झाले. मावशींचा आवाज! तोच किंचित नाकातला, शेवटच्या अक्षरावर हेलकावा घेणारा. मात्र दहा वर्षांपूर्वीचा, खणखणीत. अलीकडे दमा लागल्यापासून त्यांचा आवाज मध्येच तुटतो. मी कौतुकाने आत वळून पाहिले. मावशी सुपात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. ओठ मिटलेले. हात थांबलेले. साऱ्या बायका एकदा त्यांच्याकडे आणि एकदा कर्ण्याकडे पाहत होत्या.

मावशींनी पुरते ऐकून घेतले. मग नातवाला हाक मारून म्हणाल्या, "आवाज माजाच हाय. पन मना इचारला कवा?"

कोणीतरी हसले. मुलगा ओशाळला. मावशी पुन्हा तांदूळ निवडू लागल्या, आणि जरा वेळाने, जणू स्वतःशीच, म्हणाल्या, "गावदेवीला आवतन नाय. तं हलद लागंल कशी?" यंत्राने लक्ष्मीनारायणाला बोलावले होते, गणपतीला बोलावले होते; दिघाशीची गावदेवी त्याच्या ऐकिवात नव्हती.

रात्री मांडव शांत झाल्यावर मुलगा माझ्या कोपऱ्यात येऊन बसला. "मामा, माझं चुकलं का?" मी म्हटले, "आधी हे होते कसे ते सांग." त्याने सांगितले ते माझ्या भाषेत असे: या यंत्रांना लक्षावधी गाणी ऐकवलेली असतात. कोणत्या सुरामागून कोणता सूर येतो, कोणत्या शब्दावर ठेका पडतो, याचे आडाखे ती मनाशी बांधतात, आणि मागणी येताच त्या आडाख्यांवरून नवे गाणे विणतात. आवाजाची नक्कल हा याचाच चुलत प्रकार. एखाद्याच्या गाण्याचे थोडे नमुने दिले की गळ्याची ठेवण यंत्र शिकते. मग कोणीही गावे. वर तो गळा चढवता येतो. मावशींचे नमुने त्याने मागच्या दोन लग्नांत मोबाईलवर टिपले होते. यंत्राने रचलेले धवले तो स्वतःच गायला होता, आपल्या घोगऱ्या आवाजात. वर आजीचा आवाज चढवला आणि तिचा खोकला काढून टाकला!

अशा यंत्रांपैकी एकाचे नाव 'सुनो'. कानाला हिंदी वाटते, पण कंपनी अमेरिकेतली. दुसरी 'युडिओ'. आमची गाणी न विचारता यंत्रांना ऐकवलीत, म्हणून २०२४ च्या जूनमध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या बड्या संगीत कंपन्यांनी दोघींवर बोस्टन व न्यूयॉर्क येथील न्यायालयांत दावे लावले. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात युनिव्हर्सलने युडिओशी समेट केला, आणि नोव्हेंबरात वॉर्नरने सुनोशी. कालचे वादी-प्रतिवादी आज भागीदार! व्यापारात हे चालायचेच. पण या समेटाच्या पंगतीत पान कोणासाठी मांडले जाते? ज्याच्याजवळ ध्वनिमुद्रिका आहे, करारपत्र आहे, वकील आहे, त्याच्यासाठी. ढोलकीवाल्याचे आणि धवलारणीचे पान तेथे कोण मांडणार?

"मना इचारला कवा?" हा प्रश्न दिघाशीत विचारला गेला खरा, पण तो मुंबईच्या उच्च न्यायालयातही पोहोचलेला आहे. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने परवानगीवाचून नक्कल करणाऱ्यांना त्या न्यायालयाने २०२४ च्या जुलैत मनाई केली. आशा भोसले यांनी २०२५ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, तेथेच दाद मागितली. कोणाही माणसाचा आवाज नामवंताच्या आवाजात पालटून देणारे साधन त्या नामवंताच्या संमतीवाचून लोकांच्या हाती देणे, हा त्याच्या व्यक्तिमत्त्वावरील हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने त्या सप्टेंबरात आपल्या अंतरिम आदेशात म्हटले. गळ्यातल्या सुरांवर गळ्याच्या धन्याची मालकी असते, हे आता न्यायालयानेही मानले.

विचारून केले तर हेच यंत्र किती निराळे दिसते! २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहूल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्या साहाय्याने पुन्हा ऐकवले. त्यांच्या कुटुंबांची परवानगी आधी घेतली आणि मोबदलाही दिला. तरीही कोणाला ते रुचेल, कोणाला रुचणार नाही. परंतु तेथे कोणाच्या घरात न विचारता कोणी शिरले नव्हते.

आपला कायदाही याबाबत अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलावंताच्या हक्कांची जी दुरुस्ती झाली, तिच्यात कलावंत कोण याची मोठी मौजेची यादी आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, आणि व्याख्यान देणारा! गेली कित्येक वर्षे मी वर्गात जे करतो, त्याची गणना गारुड्याशेजारी झालेली पाहून मला परमसंतोष झाला. त्या यादीत मावशी बसतातच. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली. आपल्या कलेबरोबर आपले नाव यावे, आणि तिची नाव बिघडवणारी मोडतोड होऊ नये, असा हक्क कलावंताला मिळाला.

नावावरून आठवले. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरवले गेले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत मोठ्याने आपले नाव सांगितले. तबकड्या छापल्या जावयाच्या होत्या जर्मनीत, हॅनोव्हरला. कोणती तबकडी कोणाची हे तेथल्या कारागिरांना कळावे, म्हणून ही युक्ती. म्हणजे आपल्या देशात गाण्याचे यंत्र आले, तेव्हा गाण्यामागोमाग गाणारणीचे नावही आले. सव्वाशे वर्षांत यंत्र एवढे हुशार झाले, की आता नाव सांगण्याची गरजच त्याला उरली नाही!

हे सारे मी त्या मुलाला मोठ्या आवेशाने सांगितले. अखेर व्याख्यान देणारा तो व्याख्यान देणाराच. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, पटलं. पण एक सांगा. आजीच्या मागं हे धवले कोण म्हणणार? आमच्या घरातल्या एकीला तरी येतात? तुम्ही कॉलेजात लोकसाहित्य शिकवता. तुम्ही आजीला कधी विचारलं?"

वाचकहो, मला उत्तर सुचले नाही. महदंबेचे धवळे मी दरवर्षी शिकवतो. तेराव्या शतकातली ही आपली आद्य कवयित्री. गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने तिने ते गाइले. धवळा म्हणजे विवाहप्रसंगीचे गीत, ही व्याख्या मी कितीदा तरी फळ्यावर लिहिली असेल. आणि त्याच नावाचे जिवंत गाणे माझ्या सासुरवाडीच्या माजघरात सुपात तांदूळ घेऊन बसले होते. अठरा वर्षे मी त्या घरी जावई म्हणून चहा पीत आलो, आणि मावशींसमोर एकदाही वही घेऊन बसलो नाही. त्या मुलाने निदान त्यांचा आवाज टिपून तरी ठेवला होता. यंत्राने मावशींना विचारले नाही हे खरे. पण आम्ही तरी कोठे विचारले होते?

जूनमध्ये, कॉलेजे उघडण्यापूर्वी, मी वही घेऊन दिघाशीला गेलो. सौभाग्यवती आणि तो मुलगा बरोबर होते. मी मावशींना रीतसर विचारले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमी लिवा. पोरगा भरून घेल. पन पयलं नाव माज्या आयचं, मंग माजं." ते गाणे त्यांना आईकडून आले होते. नातवालाही त्यांनी बजावले: शिकण्यासाठी आवाज ठेवावयास हरकत नाही, परंतु गाणारी बाई मिळत असताना मांडवात यंत्र लावावयाचे नाही, आणि यंत्राने बनवलेले गाणे त्यांच्या गळ्यात घालावयाचे नाही. कोणाकडून पैसे घेतलेच, तर अर्धे त्यांचे. हे ऐकून मला वाटले, न्यायमूर्तींनाही यात फारसे काही घालावे लागले नसते.

मग मावशी गाऊ लागल्या. दर दोन ओळींनी दम लागे, त्या थांबत. त्या थांबण्यातच किती गोष्टी निघाल्या! हा धवला कोणाच्या लग्नात आईने पहिल्यांदा म्हणायला लावला, कोणत्या घराण्याच्या पितरांना आधी बोलवावे लागते, कोणत्या घरी कोणाचे नाव चुकूनही घ्यावयाचे नाही. मुलाने एकदा मोबाईल थांबवण्यासाठी हात पुढे केला. मी खुणेनेच म्हटले, राहू दे चालू. खोकलाही राहू दे.

त्याचा रात्रीचा धंदा बंद झालेला नाही, आणि तो बंद करावा असे मी म्हणतही नाही. हळदीला नाचायला गाणी हवीतच. परंतु परवा त्याने ढोलकीवाल्या मित्राला बोलावून त्याची ढोलकी एका गाण्यात घातली, आणि शेवटी त्याचे नाव सांगितले. पाचशेतले किती त्याला दिले, ते मात्र मी विचारलेले नाही. ते आता त्याने न विचारता सांगावे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. मग तुळशीचे लग्न लागेल आणि मांडव पुन्हा उभे राहू लागतील. दिघाशीच्या शेजारच्या पाड्यावरचे पहिलेच आवतण मावशींना आलेले आहे. दमा आहे, पण त्या जाणार म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींना आतापर्यंत दोन धवले पाठ झाले आहेत. त्या मावशींच्या मागे बसून धरणार आहेत. स्वयंपाकघरातून त्यांचा सराव मला ऐकू येतो. अजून एका ठिकाणी चुकतात. गावदेवीचे आवतण मात्र चुकत नाही.