ऑपरेशन झालंय, मग निरोध कशाला?

मंचर-नारायणगावकडच्या बचत गटांत ‘निरोध’ म्हटलं, की बायका तोंडाला पदर लावतात. "ताई, आमचं ऑपरेशन झालंय की!" अगं, ऑपरेशननं मूल थांबतं, गरमी, परमा, एचआयव्ही नाही थांबत. १९६८ मध्ये निरोध आला तोच कुटुंबनियोजनासाठी. म्हणून बिनलग्नाच्या पोरांना तो आपला वाटतच नाही. त्यात गावातला मेडिकलवाला निघतो नात्यातला! मागणार कसा? सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो, एचआयव्हीची तपासणीही. तारीख बघून घ्यायचा, दर वेळी नवा, अगदी सुरुवातीपासून वापरायचा. चैत्रात जत्रा सुरू झाल्या, की पोरं रात्र-रात्र बाहेर असतात. त्याआधीच घरात बोला. तोंडानं सांगवत नसेल, तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फुकट नंबर त्याच्या मोबाइलमध्ये घालून द्या. पोरीच्याही.