क्लच पेडल परत आलं

पोर्शने २०१३ साली नवी ९११ जीटी३ आणली ती फक्त पीडीके या क्लच पेडल नसलेल्या गिअरबॉक्ससह. त्यात दोन क्लच असतात. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. गाडी तिसऱ्यात धावत असतानाच चौथा तयार असतो. माणसाचा हात तिथे हरणारच! तरी चाहते कुरकुरले. २०१६ मध्ये फक्त मॅन्युअल अशी ९११ आर आली, अवघ्या ९९१ गाड्यांपुरती, आणि पुढच्याच वर्षी जीटी३लाही क्लच पेडल परत मिळालं.

पण रोज ऑफिसला जायला अशी गाडी घेणाऱ्याची खरी परीक्षा सिग्नलला होते. क्लचप्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यात दाबलेली असते. पेडल दाबलं की पकड सुटते. सोडताना प्लेट आधी घासते, मग घट्ट बसते. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये ही घसरण तेल सांभाळतं, म्हणून थांबल्यावर इंजिन बंद पडत नाही. मॅन्युअलमध्ये ते डाव्या पायाचं काम.

ताकदवान इंजिनाला पकडही जबर लागते, त्यामुळे पेडल बरेचदा जड. गर्दीत हाफ क्लचवर रेंगाळणं सर्वांत वाईट: प्लेट तापते, झिजते. त्यापेक्षा न्यूट्रल करावं आणि पुढे जरा जागा होऊ द्यावी, मागचा हॉर्न वाजवेना का. खालचा गिअर टाकताना अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका दिला, तर इंजिनाचे फेरे चाकांशी जुळतात आणि धक्का बसत नाही. हे जमायला मात्र मोकळा रस्ता हवा.