सायकल मिळाली, पुढे काय?

शाळेच्या पटांगणात शासनाकडून आलेल्या सायकली रांगेने उभ्या राहतात, तेव्हा मुलींच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आम्हां शिक्षकांनाही धन्यता वाटते. गावात शाळा नसल्याने दुसऱ्या गावी शिकावयास जाणाऱ्या सहावी व नववीच्या मुलामुलींना मध्यप्रदेश शासन विनामूल्य सायकल देते. या योजनेने अनेकींची शाळेची वाट सुकर केली. मात्र त्याच वाटेवरचे सायकलचे दुकान का ओस पडले, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

गेल्या वर्षी नववीतील एक मुलगी आठवडाभर आली नाही. चौकशी करता आजार वगैरे काही नव्हता. सायकलचे फ्रीव्हील निकामी झाले होते आणि तिच्या वाटेवरचे दुकान बंद झाले होते.

आमच्या सौंसरसारख्या गावी असे दुकान तीन आधारांवर उभे असे: विक्री, तासाचे भाडे आणि दुरुस्ती. घरोघरी सायकल व पुढे मोटारसायकल आली, तसे भाडे संपले. विद्यार्थ्यांच्या सायकली शासन एकगठ्ठा खरेदी करते. त्या इथल्या दुकानातून घेतल्या जात नाहीत. हौसेची सायकल घ्यावयाची, तर नागपूर जवळ. उरली दुरुस्ती. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधावा, कानशीने घासून ठिगळ लावावे, रिमचा आउट काढावा. वेळ पुष्कळ, मोबदला थोडा. शिवाय नाना मापांचे टायर, ट्यूब, छर्रे बाळगण्यात भांडवल अडकते. दुकानदाराचा मुलगा मोटारसायकलींच्या दुरुस्तीकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा?

हा धंदा क्षुल्लक नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानानेच झाला.

म्हणून आम्ही एक लहानसा प्रघात पाडला आहे. महिन्यातून एक दिवस गावचा वृद्ध कारागीर शाळेत येतो, सायकली तपासतो. त्याची मजुरी शिक्षक व पालक मिळून देतात. मुली त्याच्याजवळ बसून पंक्चर काढावयास शिकतात. त्याने तुमचे काम तर बुडणार नाही ना, असे आम्ही संकोचाने विचारले. हातातला पान्हा खाली ठेवून तो म्हणाला, "सायकल चालली, त दुकान चालन, गुरुजी."

सायकल देणारे हात पुष्कळ आहेत. ती चालती ठेवणारा हात आपल्या गावात टिकावा, एवढे तरी आपण पाहू या.