स्टीलला भोक पाडताना

घरात पाण्याचं स्टीलचं पिंप असतं, त्याला तोटी बसवायची असते. किंवा स्वयंपाकघरातल्या सिंकवर पाण्याच्या फिल्टरचा नळ हवा असतो. ड्रिल मशीन आता पुष्कळ घरांत असतं. फोटो, पडदे, मांडण्या यांसाठी भिंतीला भोकं पाडून हातही बसलेला असतो. तेच मशीन स्टीलवर टेकवलं की मात्र निराळा अनुभव येतो. बिट किंचाळतो, धूर निघतो, चकचकीत पत्र्यावर काळसर वर्तुळ उमटतं आणि भोक काही पडत नाही. मग आपण वेग वाढवतो. त्याबरोबर बिटाची धार जाते आणि पत्रा पहिल्यापेक्षा कडक होऊन बसतो. आता तिथं नवा बिटही सहजासहजी चालत नाही. पिंप चांगल्या किमतीचं असतं, कधी आईच्या नाहीतर सासूबाईंच्या हातचं असतं. त्यामुळे ही वस्तू असं का वागते, हे आधी समजून घेतलेलं बरं.

ज्याला आपण नुसतं ‘स्टील’ म्हणतो ते स्टेनलेस स्टील, म्हणजे न गंजणारं पोलाद. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून निरनिराळे मिश्रधातू करून पाहत होता. त्यातला सुमारे तेरा टक्के क्रोमियम असलेला एक गंजेना. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप यांच्या कारखान्यात क्रोमियमबरोबर निकेल घातलेलं पोलाद तयार झालं. आपल्या भांड्यांचं घराणं या दुसऱ्या जातीचं. भांड्यावर कधी कधी १८/८ असा शिक्का दिसतो. त्याचा अर्थ अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. कारखान्यात यालाच ३०४ म्हणतात. स्वस्त भांड्यांत निकेल कमी करून मँगनीज घालतात. ते पोलाद तर आणखी हट्टी.

हट्टी कशानं? लोखंडी तार हातानं तोडायची तर आपण ती एकाच जागी पुढं-मागं वाकवतो. दोन-तीनदा वाकवल्यावर ती जागा ताठर लागायला लागते. धातूवर जोर पडला की त्याच्या आतली रचना बदलते आणि तो कडक होतो. साध्या लोखंडात हे थोडं होतं, निकेलच्या स्टीलमध्ये फार होतं. हे घरी पडताळता येतं. सिंकच्या सपाट भागाला लोहचुंबक लावा, चांगल्या प्रतीच्या स्टीलला तो चिकटत नाही. आता तोच सिंकच्या खोल कोपऱ्याला लावा. पत्रा दाबून कोपरा काढताना तिथं तो जास्त ताणला गेलेला असतो, त्यामुळे चुंबक किंचित ओढ घेताना जाणवतो. रचना बदलल्याचीच ती खूण. बिट जेव्हा कापत नाही, नुसता घासतो, तेव्हा भोकाच्या जागी हेच घडतं.

दुसरी अडचण उष्णतेची. चहाच्या कपात स्टीलचा चमचा ठेवला तर त्याचं टोक बराच वेळ हातात धरता येतं. ॲल्युमिनियमचा ठेवला तर लगेच चटका बसतो. स्टीलमधून उष्णता साध्या पोलादाच्या एक तृतीयांशानं आणि ॲल्युमिनियमच्या सुमारे एक पंधरांशानंच वाहते. म्हणून तर पातेल्यांना तांब्याचा तळ लावतात. भोक पाडताना निर्माण झालेली उष्णता पत्र्यात पसरत नाही, बिटाच्या टोकाशीच साठते आणि धार खाऊन टाकते.

या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं. बिट सतत कापत राहिला पाहिजे, घासता कामा नये, आणि टोक थंड राहिलं पाहिजे. म्हणजे वेग कमी, जोर भरपूर, बिट धारदार आणि तेल. आपण नेमकं उलट करतो. भिंतीच्या सवयीनं वेग पूर्ण ठेवतो आणि पत्रा वाकेल म्हणून जोर जपून लावतो.

आधी बिट पाहू. भिंतीसाठीचा बिट इथं अजिबात चालत नाही. त्याच्या टोकाला जाडसर पातं बसवलेलं असतं ते ठोकून वीट फोडण्यासाठी. त्याला कापायची धारच नसते. धातूसाठी हायस्पीड स्टीलचा, म्हणजे एचएसएस बिट मागावा. एक-दोन भोकांना तो पुरतो, पण नवा हवा. त्याहून चांगला कोबाल्टचा. त्यात सुमारे पाच ते आठ टक्के कोबाल्ट असतं, तापला तरी त्याची धार टिकते. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मागितला तर दुकानदार लगेच काढून देईल. शेजारी सोनेरी मुलाम्याचे देखणे बिटही मांडलेले असतात. तो रंग म्हणजे कोबाल्ट नव्हे. दहा नगांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा हव्या त्या मापाचे दोन चांगले बिट घ्यावेत, असं माझं मत आहे. जमलं तर १३५ अंशाच्या टोकाचा घ्यावा. नेहमीच्या ११८ अंशाच्या टोकापेक्षा तो चपटा असतो आणि जागेवरून घसरत नाही.

आता वेग. जरा आकडे सांगतो, जवळ कागद असेल तर टिपून घ्या. ३ मि.मी.च्या बिटाला मिनिटाला सुमारे १००० फेरे, ५ मि.मी.ला ६००, १० मि.मी.ला ३००. बिट जाड होईल तसा वेग कमी. घरचं मशीन पूर्ण दाबलं तर अडीच हजारांच्याही पुढं जातं. फेरे मोजायचं साधन आपल्याकडे नसतं, पण डोळे असतात. ३०० फेरे म्हणजे सेकंदाला पाच, एवढं डोळ्यांना जवळजवळ दिसतं. चकवर खडूनं एक रेघ मारा. १० मि.मी.चा बिट फिरताना ती रेघ येताना-जाताना कळली पाहिजे. ज्यांच्याकडे आजोबांच्या काळातलं हातानं दांडा फिरवायचं ड्रिल पडून असेल त्यांनी ते पुसून बाहेर काढावं. पातळ पत्र्यात लहान भोक पाडायला त्याच्यासारखं हत्यार नाही, कारण त्याचा वेग मुळातच योग्य असतो. विजेच्या मशीनवर हातोडीचं चिन्ह असलेली कळ असते, ती मात्र न चुकता बंद करा. ठोके स्टीलला आणि बिटाला दोघांनाही मारक.

तेल कुठलं? कारखान्यात कटिंग ऑइल किंवा पाण्यात मिसळलेलं दुधासारखं तेल वापरतात. पाण्याच्या पिंपासाठी मी खायचंच तेल सुचवीन. गोडं तेल चालतं, सरकीचं चालतं. चार थेंब आधी आणि दर काही सेकंदांनी बिट उचलून पुन्हा दोन थेंब. धूर दिसला की तेल कमी पडलं किंवा वेग जास्त झाला असं समजावं.

पिंपाचंच काम हाती घेऊ. तोटीच्या आट्यांची जाडी मोजा. भोक तिच्याहून अर्धा मि.मी. मोठं पुरे, बाकीचं वॉशर सांभाळतो. जागा ठरवताना आतून नट आवळायला हात पोचेल ना, आणि वॉशर सपाट बसेल ना, हे पाहा. तळाच्या गोलाईवर वॉशर बसत नाही आणि मग आयुष्यभर ठिबक मागं लागते. पिंप आडवं करून घडी घातलेल्या पोत्यावर ठेवा म्हणजे लोळणार नाही. आता आतून आधार हवा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये घट्ट बसेल इतक्या लांबीचा लाकडी दांडका कापून भोकाच्या बरोबर मागं ठोकून बसवा. पत्रा दबत नाही आणि पलीकडे टोकदार बर कमी येते. आधारासाठी आतून कुणाचाही हात धरवू नका. बिट पत्र्यातून आरपार जातो तेव्हा क्षणात जातो.

खूण करताना सेंटर पंचावर हातोडीचा एकच हलका ठोका मारावा. जोरानं खोल खड्डा केला तर तीच जागा कडक होते, म्हणजे सुरुवातीलाच शत्रू तयार. भांड्यांवर नाव घालणारे कारागीर थरथरत्या सुईनं अक्षरं काढतात, तेवढी खोली आपल्या खुणेला पुष्कळ. त्यावर ३ मि.मी.चा बिट टेकवा, तेलाचे थेंब सोडा आणि मशीन सरळ उभं धरून अंगाचा भार देत हळू फिरवा. दोन्ही खाचांतून लांब वेटोळी निघायला लागली की काम बरोबर चाललंय. भुगा पडत असेल किंवा चीं असा आवाज येत असेल तर तत्काळ थांबा. तसंच दामटत राहिलात तर कडक थर तयार होतो. भोक संपत आलं की आवाज बदलतो, त्या वेळी भार कमी करायचा.

पातळ पत्र्यात जाड बिट एकदम घातला तर भोक गोल न होता तिकोनी होतं आणि बिट पत्र्यात अडकून मशीनला हिसका देतो. त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा, भोवऱ्यासारखा दिसणारा स्टेप ड्रिल मिळतो. एकेका पायरीनं भोक वाढत जातं आणि गोल राहतं. हव्या त्या पायरीवर रंगीत टेप गुंडाळून ठेवा, नाहीतर एक पायरी जास्त जाते आणि ते भोक पुन्हा लहान करता येत नाही. सिंकच्या मोठ्या नळाला बहुधा ३५ मि.मी.चं भोक लागतं. तिथं होल सॉ, म्हणजे गोल करवत लागते, आणि तीही स्टीलसाठीची, लाकडाची नव्हे.

एखाद्या जागी कडक थर झालाच, तर पत्रा उलटून दुसऱ्या बाजूनं नव्या कोबाल्ट बिटानं, अगदी कमी वेगानं सुरुवात करावी. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

हातांचं काय? सुटा पत्रा एका हातानं धरून दुसऱ्या हातानं मशीन चालवणं हा सर्वांत वाईट प्रकार. बिट अडकला की पत्रा गरगर फिरतो, आणि त्याची कड सुरीसारखी असते. सी-क्लॅम्प लावा किंवा पत्रा फळीला स्क्रूनं जखडा. डोळ्यांना चष्मा हवा. हातमोजे मात्र मशीन चालताना नकोत, ते बिटात गुंडाळले जातात. ओढणी, पदर, मोकळे केस, लांब बाह्या यांचंही तसंच. निघालेली वेटोळी ब्रशनं झाडावीत, हातानं नाही, आणि फुंकर तर मुळीच घालू नये. प्लग तीन पिनांचा असेल तर त्याची अर्थिंगची पिन कापून टाकायची नाही. शेजारी पाण्याचं काम चाललेलं असताना ती आपल्या जिवाची राखण करते.

दोन भांड्यांना हात लावू नये. प्रेशर कुकरला कुठंही, कसलंही भोक पाडायचं नाही, त्याचं झाकण वाफेचा दाब सांभाळण्यासाठी बेतलेलं असतं. आणि दुहेरी भिंतीचा थर्मास. त्यातली पोकळी गेली की तो साधा तांब्या होतो.

भोक पडल्यावर कडेची बर काढायला त्याहून जाड बिट हातात धरून दोन-चार फेरे द्यावेत, दोन्ही बाजूंनी. गोल कानस वापरायची तर नवी किंवा फक्त स्टीलसाठी राखलेली. लोखंडावर वापरलेल्या कानशीतून लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि आठवड्याभरात भोकाभोवती तांबूस कडं दिसतं. लोक म्हणतात, दुकानदारानं फसवलं, स्टील गंजलं. गंजतात ते बाहेरून आलेले कण. साध्या लोखंडी तारेच्या काथ्यानं घासल्यावरही हेच होतं. उघड्या पडलेल्या कडेवर क्रोमियमचा डोळ्यांना न दिसणारा थर हवेतल्या ऑक्सिजननं आपोआप तयार होतो, फक्त जागा स्वच्छ हवी. म्हणून साबणानं तेल काढा, मग लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास त्या जागी ठेवा, धुऊन कोरडं करा. तोटी बसवताना रबरी वॉशर आतून एक, बाहेरून एक. नट हातानं आवळून पान्यानं पाव फेरा, एवढंच. पिंप भरून खाली कोरडा कागद ठेवा आणि सकाळी पाहा.